टायर बदललो आणि स्विफ्टचं ॲव्हरेज पडलं, साईज वाढवावी का नको?

खानापूर_रोड
माझी पेट्रोल स्विफ्ट, रोज खानापूर ते बेळगावचं उद्यमबाग जाऊन येऊन. जुने 185/65 आर15 टायर (185 मिलीमीटर रुंदी, बाजूची उंची तिच्या 65 टक्के, 15 इंची रिम) पार गोटा झालते म्हणून गेल्या महिन्यात चारी 195/65 घातलो, त्याच दिवशी टपावर सामानाचं कॅरियर पण बसवून घेतलो. आधी 19 द्यायची, आता 17.2 वर आलीय. टायरवाला म्हणालता काय फरक पडत नाही, खरं महिन्याचं पेट्रोलचं बिल बघून मला कळतंय की पडतोय. माझं मत एकच, कंपनीनं दिलेली साईज सोडून काय पण घालू नये.

चोर्ला_रायडर
पटत नाही. मी दर पंधरा दिवसाला बेळगावहून चोर्ला घाटातून पणजीला जातो, जून ते सप्टेंबर तिथं रस्ता कसा असतो माहीत आहे ना, अशा वळणावर बारीक टायर घेऊन जायचं आणि एका लिटरमागं एक किलोमीटर वाचवला म्हणून खूश व्हायचं? 195 घातल्यापासून गाडी वळणावर कशी बसून जाते ते मला विचारा. आणि ॲव्हरेज म्हणाल तर पणजीला जाताना मला 22 मिळालं आहे, याच टायरवर.

शहापूर_गॅरेज
चोर्लावाले, जातानाचं 22 धरू नका ओ. बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, तुम्ही उतरत जाताय. एवढी उंची परत चढायला अशा गाडीला जवळजवळ लिटरभर पेट्रोल जास्त लागतं, म्हणून हिशोब जाऊन-येऊनच करायचा.

खानापूरवाल्यांना पण एक सांगतो. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. तुमच्या 185/65 चा व्यास नवीन असताना साधारण 621 मिलीमीटर, घासून 6 मिलीमीटर नक्षी गेली की दोन्ही बाजू मिळून 12 कमी, म्हणजे 609. आता घातलेल्या 195/65 चा आहे 634. फरक 4 टक्के. तेवढ्याच रस्त्याला आता फेरे कमी पडतात, मीटर किलोमीटर कमी दाखवतो, तुम्ही लिटरनं भागता आणि ॲव्हरेज पडलं म्हणता. जुन्याशी नीट तुलना केली तर तुमचं 17.2 म्हणजे 17.9 होतं. 1.8 पडलं त्यातलं 0.7 पडलंच नाही!

राहिलेलं मात्र खरं पडलंय. नवीन टायरची नक्षी खोल, रबर जास्त दबतं नि गरम होतं, त्यात ताकद जाते. घासत जाईल तसं थोडं सुधारतं, म्हणून पहिल्याच महिन्यात निकाल लावू नये. आणि हवा बघितलाय काय? कमी हवेवर नवीन टायर पण जड चालतो.

तवंदी_घाट
सगळे टायरवरच बसलाय, वरचं कॅरियर कोण बघतंय? मी निपाणीहून पीबी रोडनं (पुणे-बंगळूर हायवे) बेळगावला येतो, 100 च्या पुढं गेलं की रिकामं कॅरियर पण शिट्टी मारतं, तो वारा कापायला पेट्रोलच जळतंय की. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. वर्षातून दोनदा सामान न्यायला बारा महिने ते डोक्यावर कशाला वागवायचं? मी काढून टाकलो, फरक पडला.

दुसरं, कधी कोगनोळीला भरायचं, कधी पेट्रोल स्वस्त म्हणून गोव्यात भरायचं, मग ॲव्हरेज काढायचं, असं चालत नाही. एकच पंप, ऑटो कट होईपर्यंतच (पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत) भरायचं, निदान तीन टाक्या बघायच्या.

शहापूर_गॅरेज
बरोबर. आणि चोर्लावाले, पावसातली पकड रुंदीनं वाढते हा गैरसमज आहे. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. पाणी बाहेर फेकते ती नक्षीची खोली, कायद्यानं 1.6 मिलीमीटर चालते खरं घाटात जाणाऱ्यानं तिथपर्यंत वाट बघू नये. तुमची गाडी बसून जाते ती बहुतेक टायर नवीन म्हणून.

चोर्ला_रायडर
पाण्याचं मान्य. पण कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर मला फरक जाणवतो, तो नवीनपणाचा म्हणा हवं तर. घरची चार माणसं बसवून मी त्या घाटातून जातो, त्यासाठी एक किलोमीटर जातो तर जाऊ दे. पुढच्या वेळी पण 195 च घालणार.

खानापूर_रोड
आज हवा तपासलो, दारावरच्या स्टिकरपेक्षा चारी टायरला 5 पॉइंट कमी निघाली! महिनाभर तशीच चालवलो. भरून घेतलो, रविवारी कॅरियर पण काढतो. तीन टाक्यांचा आकडा इथंच लिहितो, खरं पुढचे टायर 185 च.