खासी टेकड्यांतल्या उभ्या गुहेला नाव काय द्यावं?

कातळवेडी

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे. आधी हकीकत सांगते, त्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही चौघं मेघालयात, सोहरा पठाराच्या दक्षिण कडेला होतो. सोहरा म्हणजे आपण शाळेत चेरापुंजी म्हणून शिकलो ते. सोबत तिथले दोन खासी मित्र होते, त्यातला थोरला गुहांमध्ये मुरलेला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा जागेचा पत्ता फुटला की दोर-हेल्मेट नसलेली माणसंही काठावर येऊन उभी राहतात.

गावापासून तासाभराच्या उतारावर, कुंच्याच्या गवताच्या मळ्यापलीकडे रान लागतं. तिथे नेच्यांनी झाकलेलं तोंड आहे, बैलगाडी आत जाईल एवढं. थोरल्याने दगड टाकला आणि आम्ही मोजत राहिलो. साडेतीन सेकंदांनी आवाज आला. वर यायला आवाजालाही वेळ लागतो, तो वजा केला तर साधारण 55 मीटर. नंतर लेझरने मोजलं तेव्हा 58 भरले.

रॅपलिंग मी वीस वर्षं करतेय, पण ते सह्याद्रीत, काळ्या बेसॉल्टवर. तिथल्या चुनखडीने मला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवलं. पावसाने तिच्या कडा अशा कापल्यात की हात फिरवला तर विळीच्या पात्यासारख्या लागतात. दोर नुसता काठावरून सोडला असता तर दोन माणसं उतरेपर्यंत त्याचा गाभा दिसला असता. म्हणून एका जाड झाडाला पहिला आधार घेतला, काठाखाली दोन बोल्ट मारले आणि 12 मीटरवर दोर पुन्हा नव्या बोल्टवर बांधून घेतला. त्याच्या खाली भिंती लांब जातात आणि माणूस मोकळ्या अंधारात लोंबतो. वर पाहिलं तर तोंडाची हिरवी थाळी दिसत होती. मी दोराभोवती हळूहळू गिरकी घेत होते आणि दिव्याचा झोत भिंतीपर्यंत पोचेपोचेपर्यंत विरत होता. पायाखाली काहीतरी आहे हे कळायलाच वेळ लागला.

तळाला कुजलेल्या पानांचा कमरेएवढा ढीग, त्यात गाईची हाडं. अशा ढिगाऱ्यावर कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून तो वाढला की वाजणारं मीटर नेलं होतं, पण ते शेवटपर्यंत शांत राहिलं. भिंतीवर लांब मिशांचे फिकट रातकिडे. पुढे उतरती घळ, मग 21 मीटरचा दुसरा टप्पा आणि त्याखाली गुडघाभर पाण्याची अरुंद वाट, दक्षिणेकडे जाणारी. इथे दोर संपला. काठापासून पाण्यापर्यंत खोली भरली 86 मीटर. परत जुमारने, म्हणजे दोरावर वर सरकणाऱ्या पकडीने, वर यायला मला एकटीला पाऊण तास लागला.

आता प्रश्न. गावचे प्रमुख, म्हणजे रांगबाह श्नोंग, यांची परवानगी घेऊनच आम्ही उतरलो होतो. नाव विचारलं तर म्हणाले, नाव नाही, नुसतं ‘क्रेम’. खासीत क्रेम म्हणजे गुहा. नकाशावर नाव तर लिहायला हवं. आमच्यातल्या एकाने ‘मेघविवर’ सुचवलं. बाकी तिघांच्या मनात आमच्या सरांचं नाव आहे. सर गेल्या पावसाळ्यात गेले. मी बांधलेली पहिली गाठ त्यांनी तीन वेळा सोडून परत बांधायला लावली होती, आणि त्या 58 मीटरवर लोंबताना मला त्यांचाच हात आठवत होता. त्यांचं नाव दिलं तर चालेल का? रीत काय आहे?

चुनखडी

ताई, वर्णन वाचताना तळहाताला घाम आला. दोर पुन्हा बांधून घेतलात हे फार बरं केलंत.

नावाचं म्हणाल तर मेघालयात रीत बऱ्यापैकी पक्की आहे. 1990च्या दशकापासून मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनचे लोक, ब्रायन खारप्रान डेली आणि त्यांचे सोबती, परदेशी गुहाशोधकांबरोबर तिथे मोहिमा काढत आलेत. त्यांच्या याद्या पाहा: आधी क्रेम, मग गावात चालणारं नाव. त्यात शोधणाऱ्यांची नावं जवळजवळ दिसत नाहीत. ‘लाबित’ म्हणजे वटवाघूळ, आणि वटवाघळं कुठे नसतात? त्यामुळे क्रेम लाबित कितीतरी झाल्या. पण कुणी गावाचं नाव बदलायला लावलं नाही. पुढे गावाचं नाव जोडलं, खायडोंगची क्रेम लाबित वेगळी, श्नोंगरिमची वेगळी. जैंतिया टेकड्यांत उम इम, लियात प्राह आणि ही खायडोंगची लाबित आतून एकमेकींना मिळाल्या तेव्हा तिन्ही नावं जोडूनच लिहिली गेली. ती सगळी मिळून सुमारे 31 किलोमीटरची गुहा आहे, पण नाव लहान करावं असं कुणाला वाटलं नाही.

‘मेघविवर’ मात्र नको, अगदी मनापासून सांगतो. ‘मेघालय’ हाच मुळात संस्कृतातून घडवलेला शब्द, एस. पी. चटर्जी या भूगोलतज्ज्ञांनी सुचवलेला. राज्य 1972 साली झालं आणि तिथल्या लोकांनी तो शब्द आपला केला, ते ठीकच. पण टेकडीवरच्या एका भोकालाही बाहेरूनच नाव यावं का?

एक विचारायचं राहिलं. पानांचा एवढा ढीग असून मीटर शांत राहिलं? तोंडाशी वारा जाणवला का?

जुना_भिडू

मी सरांच्या हाताखाली शिकलोय, म्हणून लिहितो. सुळक्यांवर चढाईच्या वाटांना माणसांची नावं देतोच की आपण. त्यात कुणाचा अपमान होत नाही. गावाने स्वतः सांगितलंय की नाव नाही. मग रिकाम्या जागी एका चांगल्या माणसाचं नाव लागलं तर काय बिघडलं? सरांनी आयुष्यभर कुठे स्वतःचं नाव कोरलं नाही. आपण नाही तर ते कोण करणार?

शिलाँगची_सून

कातळवेडी ताई, मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन चौदा वर्षं इथे आहे. भिडूंच्या लिहिण्यात एक वाक्य मला टोचलं: ‘गावाने स्वतः सांगितलंय की नाव नाही’. हे सांगितलं कुणी? रांगबाह श्नोंग यांनी. ते मोठे आहेत, परवानगी त्यांच्याकडूनच घ्यायची, त्यात चूक काही नाही. पण गावाचे निर्णय घेणारा दरबार ही पुरुषांची बैठक. परंपरेने बायका तिथे बसत नाहीत.

आणि घर-जमीन कुणाकडे जाते? खासींमध्ये मुलं आईचं कूळ लावतात आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे राहतं. तिला खत्दुह म्हणतात. कुळाची पूजा, म्हाताऱ्यांची सेवा, सगळं तिच्याच उंबऱ्यात. तुमचं ते रान कुणा कुळाचं आहे ते शोधा आणि त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. कुंच्याचं गवत कापायला त्या उतारावर वर्षानुवर्षं कोण जातंय? जिची गाय त्यात पडली तिने त्या जागेला काही म्हटलं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

अजून एक. विचारताना ‘गुहेचं नाव काय’ असं विचारू नका. ‘तिकडे गवत कापायला निघालात की घरी काय सांगून निघता’ असं विचारा. माझ्या सासूबाईंना मी झऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाल्या, नाव कसलं, पाणी आहे ते. पण भांडी घेऊन निघताना रोज एकच शब्द म्हणायच्या.

उच्चार नीट ऐका आणि आधी खासी लिपीत लिहून घ्या, म्हणजे रोमनमध्ये. 1841 साली थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी सोहराला आले, तेव्हापासून खासी तशीच लिहिली जाते. आपण ऐकून थेट देवनागरीत उतरवलं की घोळ होतो. मावसिनरामजवळची क्रेम पुरी घ्या, वालुकाश्मातली साडेचोवीस किलोमीटरची गुहा, 2018 मध्ये मोजली. आपल्याकडचा माणूस ऐकतो आणि त्याला जगन्नाथ आठवतो. खासीत पुरी म्हणजे पाण्यातली परी.

चुनखडी

शिलाँगच्या वहिनी, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आम्हीही नेहमी प्रमुखांनाच विचारत आलो.

भिडू, तुमचं दुःख कळतं. गुहेच्या आतल्या दालनांना, टप्प्यांना शोधणारे आपापली नावं देतात, ती नकाशावर राहतात. सरांसाठी ती जागा आहे. पण उतारावरचं तोंड गावाचं आहे.

कातळवेडी

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा.

थोरल्या मित्राला फोन केला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला की त्यालाही हे सुचायला हवं होतं, त्याची स्वतःची आई कुळाची खत्दुह आहे. पुढच्या रविवारी चर्चहून परतताना तो त्या घरी गेला आणि तिथूनच मला फोन लावून दिला. रान ज्या कुळाचं आहे त्यातल्या आजी, त्यांना सगळे मेइराद, म्हणजे आजीच, म्हणतात, ऐंशीच्या पुढच्या. मी ‘खुब्लेइ (नमस्कार), मेइराद’ एवढंच बोलू शकले, पुढचं सगळं तो सांगत गेला.

वहिनींनी सांगितलं तसंच विचारलं. आजी लगेच म्हणाल्या, ल्योह. ल्योहपाशी जातो, असं म्हणतो आम्ही. त्यांची आई म्हणायची, तिची आईही. ल्योह म्हणजे ढग. मित्राने विचारलं, ढग का, इथे तर सगळीकडेच ढग. तर म्हणाल्या, तो आकाशातला. हा खालून येतो. थंडीत पहाटे गवत कापायला जायचो तेव्हा त्या भोकातून पांढरा ढग वर यायचा, ऊन चढलं की जायचा. लहान पोरांना त्यावरून खूण सांगायची, ढग दिसला की त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. गाय गेली ती दुपारी गेली, तेव्हा ढग नव्हता.

रांगबाह श्नोंगना हे माहीत नव्हतं का, असं मी नंतर विचारलं. माहीत होतं, मित्र म्हणाला, त्यांची बायकोही तेच म्हणते. पण आम्ही कागद-पेन घेऊन ‘नाव’ विचारलं, आणि हे त्यांना नाव वाटलंच नाही.

सरांबद्दलही मी बोलले. भिडू, तुझ्यासाठी हे नीट लिहितेय. मित्राने त्यांना सांगितलं की या लोकांचे एक गुरू होते, ते वारले, त्यांचं नाव द्यावं असं यांच्या मनात होतं. आजींनी विचारलं, ते इथे आले होते का? मी म्हटलं, नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या घरच्यांना माझा नमस्कार सांग. मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. नकाशावर ‘क्रेम ल्योह’ लिहिलंय, आधी खासी लिपीत, खाली देवनागरीत. आतल्या 21 मीटरच्या टप्प्याला सरांचं नाव द्यावं का, ते आम्ही पुन्हा जाऊ तेव्हा आजींसमोर बसून विचारू. फोनवर नाही.

चुनखडी

ताई, अंगावर काटा आला. मी वाऱ्याबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर आजींनी दिलं!

गुहेतली हवा वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाची असते आणि ओलसर. हिवाळ्यात पहाटे बाहेर कडाक्याची थंडी, आत त्या मानाने ऊब. उबदार हवा हलकी, ती वरच्या तोंडातून चढते आणि बाहेरच्या गारठ्यात तिचं धुकं होतं. पण चुलीच्या धुराड्यासारखं हे नीट चालायला खालून हवा आत यावी लागते. खाली बंद असलेल्या खड्ड्यात उलट होतं, थंड जड हवा तळाशी जाऊन बसते. तिथून रोज पहाटे ढग निघायचा नाही, आणि एवढ्या पानांवर तुमचं मीटरही शांत राहायचं नाही.

म्हणजे उतारावर खाली कुठेतरी हिला दुसरं तोंड असणार. तुमचं पाणी दक्षिणेला जात होतं ना? तुम्ही उतरलात किती वाजता?

कातळवेडी

साडेअकराला. ऊन चढलेलं होतं. तोंडाशी अर्धा तास बोल्ट मारत बसले होते आणि मला काहीही जाणवलं नाही.

पावसाळ्यात आत जायचा प्रश्नच नाही, त्या उतारावर पाणी कसं भरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या फेब्रुवारीची तिकिटं काढतोय. पहिले दोन दिवस दोर पिशवीतच राहील. पहाटे पाचला काठापासून लांब बसून ढग पाहायचा, आणि मग दक्षिणेच्या उतारावर थंड हवा आत ओढणारी फट शोधायची. मित्र म्हणाला, आजींच्या नातीला विचारू, खालच्या अंगाला सुपारीच्या बागेत तीच जाते. या वेळी आधी तिलाच विचारणार आहोत, की तिकडे निघताना घरी काय सांगून निघतेस.

शिलाँगची_सून

येताना शिलाँगला माझ्याकडे उतरा. मेइरादसाठी काय न्यायचं ते मी सांगते. आणि त्यांनी क्वाय पुढे केलं तर नाही म्हणू नका, सुपारी-पानाशिवाय इथे बोलणं सुरू होत नाही. सवय नसेल तर पहिल्यांदा कानशिलं तापतील आणि घाम फुटेल, घाबरू नका, दहा मिनिटांत उतरतं.