ऐतिहासिक कादंबरीनंतर काय? गोडसे भटजी

ऐतिहासिक कादंबऱ्यांचा कंटाळा आला म्हणून कुणी ‘माझा प्रवास’ हे 1857 च्या बंडाच्या काळातलं प्रवासवर्णन हाती घेतं, आणि ते वीस पानांत सुटतं. बहुतेक वेळा चूक वाचकाची नसते, आवृत्तीची असते.

विष्णुभट गोडसे यांनी हे लिहिलं 1883 च्या सुमारास. 1907 मध्ये इतिहासकार चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण भाषेवर हात फिरवून आणि काटछाट करून. मूळ संहितेबरहुकूम आवृत्ती इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढली. म्हणून विकत घेण्याआधी प्रस्तावना चाळा आणि मजकूर कुठल्या संहितेवरून घेतलाय ते पाहा. पहिल्यांदाच वाचत असाल तर वैद्यांची सोपी. गोडी लागली की मूळ.

सुरुवातीला दक्षिणा, यज्ञ, कर्ज यांचे हिशेब येतात आणि तिथंच लोक गळतात. ती पानं भराभर उलटली तरी चालेल, मात्र पूर्ण गाळू नका. कोकणातल्या वरसई गावचा हा भिक्षुक इतक्या लांब का निघाला, ते तिथेच कळतं. शेजारी नकाशा ठेवा: महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काळपी. कोसांचा अंदाज आला की पायपीट अंगावर येते.

खरा ऐवज इंग्रजांनी झाशीला घातलेल्या वेढ्याचा, म्हणजे मार्च-एप्रिल 1858 चा. ही पानं एका बैठकीत वाचा. तारखा आणि आकडे मात्र इतिहासग्रंथाशी ताडून घ्या. लेखन घटनेनंतर पंचवीसएक वर्षांनी, आठवणीतून झालंय. ऐकीव आणि डोळ्यांदेखतचं यांची सरमिसळ आहे (आणि मजाही त्यातच आहे).