लक्ष्मीपूजन ६.१५ ला, मॅच ५.०८ ला

ग्रुप: बॉथेल मराठी ९ घरं (फॉरवर्ड नकोत)

रविवार, १९ ऑक्टोबर २०२५, रात्र

शुभांगी: उद्या लक्ष्मीपूजन संध्याकाळी ६.१५, क्लबहाउस. वेळ ३ आठवड्यांपूर्वी ठरली आहे, तेव्हा सगळ्यांनी अंगठे दिले होते. आत्ता तासाभरात मला तीन मेसेज आले, "जरा लवकर उरकता येईल का?" लक्ष्मीपूजन आहे ते, गाडीचं सर्व्हिसिंग नाही.

केदार: तीन मेसेज, पण घर एकच असणार.

अनघा: केदार, मी नाही हं विचारलं. मी चकल्या तळतेय. मला यात ओढू नका.

मिलिंद: शुभांगी, "उरकता" हा शब्द माझा नाही. मी म्हटलं, साडेचारला घेता येईल का. आज आपली सिॲटल मॅरिनर्स बेसबॉल सेमीफायनलची सहावी मॅच हरली, त्यामुळे सातवी, शेवटची, उद्या आली. जिंकलो असतो तर उद्या मी स्वतः रांगोळी काढली असती.

शुभांगी: २०१९ पासून तुझी रांगोळी बघायची राहिलीय.

संजय: बोलिंग लीग, मंगळवार ७ आणि १४ ऑक्टोबर. मिलिंदकडून ४४ डॉलर यायचे आहेत. 🙏

प्रकाशकाका: लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ तारखेला आहे. दाते पंचांग पाहावे. सांगलीत सगळीकडे २१ च आहे. सोमवारचा प्रश्नच उद्भवत नाही.

मिलिंद: काका, तुम्ही देवमाणूस आहात.

शुभांगी: बाबा, हे आपण घरात बोललो होतो ना? अमावास्या भारतात सोमवारी दुपारी लागते, मंगळवारी संध्याकाळी संपते, म्हणून तिकडे मंगळवार. तीच अमावास्या इथल्या घड्याळाने सोमवारी पहाटे लागते आणि मंगळवारी पहाटेच संपते. मंगळवारी संध्याकाळी इथे प्रतिपदा. प्रतिपदेला कसलं लक्ष्मीपूजन करू?

प्रकाशकाका: पंचांगात तसे लिहिलेले नाही.

शुभांगी: पंचांग बॉथेलसाठी छापत नाहीत, बाबा.

मीनलताई: सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. एकमेकांना समजून घेऊ या. मी श्रीखंड आणते आहे. वेलचीची ॲलर्जी कुणाला आहे का?

रेवती: मी टोरांटोत असताना आम्ही दिवाळी पुढच्या शनिवारी करायचो. भांडण नाही, मॅच नाही, काही नाही. बाय द वे, आज काय सुंदर खेळले आमचे टोरांटोचे ब्लू जेज 💙

मिलिंद: रेवती, तू इथे येऊन दीड वर्ष झालं. टॅक्स इथे भरतेस.

रेवती: टॅक्स भरते, मन नाही दिलं.

केदार: आज तीन डाव लागोपाठ एका फटक्यावर दोघे बाद. पहिल्यालाच मी टीव्हीकडे पाठ करून बसलो, तर बायको म्हणाली अजून तिसराच डाव आहे.

मिलिंद: तिसरा, चौथा आणि पाचवा. तिन्ही वेळा बेसवर माणसं होती. ६-२. बोलायची इच्छा नाही.

(आणि मग त्याने बारा ओळी लिहिल्या.)

मिलिंद: ज्यांना वाटतं मी उगाच करतो, त्यांच्यासाठी एकदाच लिहितो. मी इथे २००० साली आलो. २००१ ला या टीमने ११६ मॅच जिंकल्या. आजपर्यंत त्याहून जास्त कुणीच जिंकलेल्या नाहीत, बरोबरी फक्त १९०६ च्या शिकागो कब्जची. इचिरो तेव्हा नवीन होता, पहिल्याच वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आम्ही चार रूममेट वरच्या सगळ्यात स्वस्त तिकिटावर जायचो आणि डबा लपवून न्यायचो. मग न्यूयॉर्कच्या यांकीजनी आम्हाला घरी पाठवलं आणि पोस्टसीझन, म्हणजे बाद फेरी, परत दिसला तो थेट २०२२ ला. २१ वर्षं. माझं लग्न, मुलं, घर, टक्कल, सगळं त्या मधल्या काळात झालं. वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, एकदाही न खेळलेली टीम ३० मध्ये एकच उरलीय, ती आपली. उद्या जिंकलो तर पहिल्यांदा. मी वर्षातून ३६४ दिवस तुमचं ऐकतो.

अनघा: ३६४?

संजय: डबा लपवायची गरज नव्हती. तिथे बाहेरचं खाणं चालतं.

मिलिंद: ते आम्हाला २००३ ला कळलं.

रेवती: दोन्ही टीम १९७७ लाच सुरू झाल्या हं. आमच्याकडे १९९२ आणि १९९३ असे दोन कप आहेत. सहज सांगितलं.

केदार: आईगं.

शुभांगी: वाचलं. वाईट वाटलं. पूजा ६.१५.

संजय: ४४ डॉलर. 🙏

मिलिंद: संजय, मी दोन्ही मंगळवारी आलोच नव्हतो. पैसे कशाचे?

संजय: लीगमध्ये हजर असा की नसा, लेनची फी भरावी लागते. तुझ्या नावावर ब्लाइंड स्कोअर धरतात, तुझ्या सरासरीतून १० पिन वजा. तुझी सरासरी १४८, म्हणून १३८ धरले.

केदार: मिलिंददादा प्रत्यक्ष येतो तेव्हा इतके पडत नाहीत. फायद्यात आहोत आपण.

संजय: ७ तारखेला डेट्रॉइटची मॅच होती, समजू शकतो. १४ ला मॅच कुठे होती? त्या दिवशी सुट्टी होती त्यांची.

अनघा: सांगू का? पहिल्या दोन मॅच टोरांटोत जिंकल्या तेव्हा हा सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसला होता. म्हणून मंगळवारी कोपरा सोडला नाही. मॅच नसताना. मी त्याला जेवण तिथे दिलं.

मिलिंद: आणि बुधवारी तू व्हॅक्यूम करायला उठवलंस. पुढच्या दोन्ही हरलो.

प्रकाशकाका: अंधश्रद्धा.

केदार: काका, सप्टेंबरमध्ये एका फॅनने एट्सी या ऑनलाइन बाजारात चेटकीण गाठून टीमवर मंत्र टाकून घेतला. खरंच. त्यानंतर लागोपाठ १० जिंकल्या आणि २००१ नंतर पहिल्यांदा आपल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, पहिले आलो.

प्रकाशकाका: नवसच बोलायचा तर आमच्या सांगलीच्या गणपतीला बोलावा. पैसेही लागत नाहीत.

सोमवार, २० ऑक्टोबर

शुभांगी: शुभ दीपावली. आजची यादी. फुलं: संजय. लाह्या-बत्तासे: मी. फराळ: अनघा, मीनलताई, रेवती. खुर्च्या: मिलिंद आणि केदार, ५.३० ला. पुन्हा लिहिते, ५.३० ला.

मिलिंद: एक तोडगा आहे. क्लबहाउसमध्ये मोठा टीव्ही आहेच. आवाज बंद ठेवायचा.

शुभांगी: लक्ष्मीच्या मागच्या भिंतीवर?

मिलिंद: चौरंग दुसऱ्या बाजूला मांडू.

शुभांगी: म्हणजे लक्ष्मीने मॅच बघायची.

केदार: तिचा आशीर्वाद थेट जाईल.

मीनलताई: वेलचीचं कुणी कळवलं नाही. मी वेलची घालते आहे.

शुभांगी: केदार, हसू नकोस. हा प्रकार तुझ्या घरून सुरू झाला. १० तारखेच्या शुक्रवारी पोकर होता की मॅच?

केदार: वहिनी, त्या दिवशी माझाच अपमान झाला. मॅच १५ डाव चालली, पाच तास. आम्ही पत्ते वाटतोय आणि मिलिंददादा प्रत्येक हात न बघता फोल्ड. शेवटी एकदा त्याला खरे पत्ते आले, पॉटमध्ये ६० डॉलर, मी ब्लफ करत होतो. तेवढ्यात आपल्या पोलँकोने विजयी फटका मारला, ३-२, आणि दादाने पत्ते उघडेच टेबलावर फेकून उडी मारली. हातात तीन राण्या!

मिलिंद: तो पॉट माझाच होता.

केदार: पत्ते टाकून उठलास, हात मेला. नियम आहे.

मिलिंद: उघडे टाकले होते.

केदार: हात मेला.

संजय: यावर शुक्रवारी मतदान घ्या. इथे ४४ डॉलर.

शुभांगी: संजय, तू माझ्यासमोर सोफ्यावर बसून टाइप करतोयस. फुलं आण.

रेवती: मी आज येत नाहीये. करंज्या सायलीबरोबर पाठवते. मी घरी निळा टीशर्ट घालून बसणार, तुमच्यात नको.

मिलिंद: धन्यवाद. एवढी तरी लाज आहे.

रेवती: २०२२ ची आमची-तुमची बाद फेरीची मॅच मी टोरांटोत स्टेडियममध्ये बसून बघितली आहे. ८-१ ने पुढे होतो आम्ही. मला लाज शिकवू नकोस.

मिलिंद: आणि जिंकलो आम्ही, १०-९ 😌 इथे स्क्रीनवर बघणारे हजारो लोक डोक्यावर बूट ठेवून उभे होते. रॅली शू.

प्रकाशकाका: डोक्यावर काय?

केदार: बूट, काका. पायातला काढून डोक्यावर. टीम मागे पडली की.

प्रकाशकाका: आज पूजेच्या ठिकाणी कोणीही असले काही करणार नाही.

अनघा: मी याचे सगळे बूट गाडीत ठेवून कुलूप लावते.

शुभांगी: बरं ऐका. शेवटचं. टीव्ही स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत, आवाज बंद, दार लोटलेलं. पूजा आणि आरतीला सगळे बाहेर. सगळे म्हणजे मिलिंद. लगेच अंगठा द्या.

मिलिंद: 👍

केदार: 👍

प्रकाशकाका: मी मंगळवारी घरी वेगळी करेन. आज फक्त उपस्थित राहीन.

सोमवार, संध्याकाळ

केदार: १-०! पहिल्याच डावात.

रेवती: १-१. लगेच.

शुभांगी: खुर्च्या ११ आहेत, आम्ही २६ जण आहोत.

मिलिंद: आणतोय. हूलिओने होमरन मारला. २-१. आणतोय.

शुभांगी: सायली, तुझ्या आईला सांग करंज्या पोचल्या. छान आहेत. टीमबद्दल काही बोलायचं नाही.

शुभांगी: आरती चालू असताना आतून कोण ओरडलं?

अनघा: हा बाहेरच होता, माझ्या शेजारी. टाळ्या वाजवत होता.

संजय: बाबा ओरडले.

शुभांगी: ???

प्रकाशकाका: मी पाणी प्यायला आत गेलो होतो. तो जाडजूड यष्टिरक्षक, त्याने चेंडू प्रेक्षकांत मारला. अनवधानाने तोंडून निघाले.

मिलिंद: कॅल रॅली, काका! या सीझनला ६० मारलेत त्याने. यष्टिरक्षकाने इतके कधीच मारले नव्हते, आधीचा विक्रम ४८ चा. ३-१ झाले. मी आरती सोडली नाही हे शुभांगीने लक्षात घ्यावं.

शुभांगी: "जय देव जय देव" म्हणताना ठेका चुकत होता. बाकी ठीक.

मीनलताई: श्रीखंड संपलं का? मला मिळालं नाही.

प्रकाशकाका: मी इथेच बसतो आहे. हे आपल्या लगोरीपेक्षा सोपे आहे. तिघे बाद की डाव बदलतो, एवढेच.

केदार: काका, उठू नका आता. तुम्ही बसल्यापासून त्यांचा एकही रन नाही.

शुभांगी: बाबा, फराळ.

प्रकाशकाका: इथे आणून दे.

केदार: सातवा डाव. दोघे बेसवर. पिचर बदलला.

मिलिंद: मुन्योसला का नाही आणत?? आत्ताच आणायचा असतो. आठव्याची वाट कसली बघताय.

केदार: स्प्रिंगर

केदार: गेला

रेवती: !!!!!!!!!!

रेवती: सॉरी.

अनघा: मिलिंद कुठे गेला? पार्किंगमध्ये आहे का कुणी?

केदार: गाडी उघडायला गेलाय. बूट काढायला.

शुभांगी: जाऊ दे त्याला.

प्रकाशकाका: तीन धावा. ४-३. अजून दोन डाव आहेत, धीर सोडू नये. सगळ्यात चांगला गोलंदाज बसवून का ठेवला, हे मला समजले नाही. कोणी समजावेल का?

केदार: काका, हा प्रश्न आता सिॲटलमध्ये पुढची २४ वर्षं विचारला जाईल.

मिलिंदने हा मेसेज डिलीट केला.

मिलिंदने हा मेसेज डिलीट केला.

संजय: शेवटचा हूलिओ. तिसरा स्ट्राइक. संपलं. सगळे डबे ओट्यावर आहेत, आपापले ओळखून न्या.

रेवती: मिलिंद, मनापासून सांगते, तुमची टीम आमच्याहून चांगली खेळली असं मला बऱ्याचदा वाटलं. करंज्या जास्तीच्या आहेत, घेऊन जा.

मिलिंद: ठीक आहे. अभिनंदन. खारे शंकरपाळे उरले असतील तर द्या.

मीनलताई: हरणं-जिंकणं होतच असतं. मुलं पुढच्या वर्षी जिंकतील.

अनघा: मीनलताई, ते वाक्य आज नको. 🙏

शुभांगी: मिलिंदने न सांगता २६ खुर्च्या उचलल्या आणि समयाही पुसून ठेवल्या. एक अक्षर बोलला नाही. मलाच कसंतरी झालं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

प्रकाशकाका: आज घरी संध्याकाळी ६.३० वाजता यथासांग लक्ष्मीपूजन. इच्छुकांनी यावे. प्रसादाला बत्तासे. मॅच नाही.

शुभांगी: 🤦

संजय: आज ७.०० वाजता बोलिंग. लेन १४. मिलिंद, येणार का? मागचे ४४, आजचे २२, एकूण ६६.

मिलिंद: येतोय. ६६ पाठवले.

संजय: मिळाले. आभारी आहे.

केदार: दादाने काल रात्री सरावाला चेंडू फेकला असेल, टीव्हीवर.

मिलिंद: केदार, शुक्रवारी पोकर आहे ना तुझ्याकडे? तीन राण्यांचा निकाल लावू.

केदार: आहे. पण रेवतीने आत्ताच विचारलं की टीव्ही चालू ठेवशील का. शुक्रवारी २४ ला वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच आहे, टोरांटोत, डॉजर्सशी.

रेवती: आवाज बंद ठेवू हवं तर.

मिलिंद: पोकरच्या वेळी टीव्ही चालणार नाही. पत्त्यांचा अपमान होतो.

शुभांगी: हा नियम कधीपासून?

मिलिंद: कालपासून.

प्रकाशकाका: शुक्रवारी मला कोणी नेईल का? तो टीव्ही केदारकडे किती इंची आहे?