शब्दचर्चा: बंद पडलेली मालिका पंचवीस वर्षांनी परत येते, त्याला म्हणायचं काय?

निवडुंग
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी ‘ट्विन पीक्स’वर लेख लिहितोय. मालिकेवर कमी, तिच्या चाहत्यांवर जास्त. पहिल्याच वाक्यात गाडी अडली आहे. ‘कल्ट मिस्टरी मालिकेचं रिव्हायव्हल’ असं लिहिलं तर संपादक तांबडी रेघ मारणार, आणि ‘पंथीय रहस्यमालिकेचं पुनरुज्जीवन’ लिहिलं तर वाचक थेट राशिभविष्याचं पान काढणार.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ८ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ही सुरू झाली. कर्ते डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट. वॉशिंग्टन राज्यातलं लाकूडगिरणीचं एक गाव, पाण्याकाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लॉरा पामर या शाळकरी मुलीचा मृतदेह, आणि तपासाला आलेला, कॉफीवर जीव असलेला एफबीआयचा एजंट कूपर. पहिला भाग साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. लिंचना खुनी कोण ते सांगायचंच नव्हतं. वाहिनीने नेट लावला, नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी दाखवला गेला, आणि लोक पांगले. जून १९९१ मध्ये तिसाव्या भागावर कारभार आटोपला. त्या शेवटच्या भागात लॉरा कूपरला सांगते की पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू.

आणि भेटली! ऑक्टोबर २०१४ मध्ये घोषणा झाली, तेव्हा चाहते नाचले. एप्रिल २०१५ मध्ये पैशांवरून फिसकटलं, लिंच बाहेर पडले असं जाहीर झालं, तेव्हा चाहत्यांनी सुतक पाळलं. महिन्याभरात ते परत आले. नऊ भागांचे अठरा झाले. २१ मे २०१७ रोजी शोटाइम वाहिनीवर सुरुवात झाली, आणि मग अर्धे चाहते हरखले, अर्धे हबकले. हे सगळं पोटात घेईल असा शब्द हवाय. सुचवा.

तळटीप
‘पुनरुज्जीवन’ बरोबर लिहिलंत, आधी त्याबद्दल अभिनंदन. ‘पुनर्जीवन’, ‘पुनरुजीवन’ वाचून डोळे थकले आहेत.
पण शब्द इथे चालणार नाही. उज्जीवन करायचं तर आधी जीव गेलेला हवा. वाहिनीच्या लेखी मालिका १९९१ ला मेली असेल, चाहत्यांच्या लेखी कधी मेली? या एका मालिकेला वाहिलेलं नियतकालिक १९९२ पासून २००५ पर्यंत निघत होतं. लोक चित्रीकरणाच्या जागी दरवर्षी जमत होते. ज्याचं श्राद्धच कुणी घातलं नाही, त्याचं उज्जीवन कसलं?
शिवाय मराठीत पुनरुज्जीवन नद्यांचं होतं, बंद साखर कारखान्यांचं होतं. शब्दाला शासन निर्णयाचा वास आहे.

शेंगदाण्याचं_कूट
जीर्णोद्धार म्हणा की राव.
आमच्या भैरोबाच्या देवळाचा झाला चार वर्षांपूर्वी. काळ्या दगडाला पिवळा ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, कळसावर फिरती लाइट. म्हातारी माणसं आत जाऊन पाया पडतात आणि बाहेर येऊन गप्प बसतात. जुन्या मालिका परत आणतात तेव्हा नव्वद टक्के हेच होतं. चाहत्यांच्या पोटात गोळा येतो तो याच टाइल्सच्या भीतीने.

निवडुंग
कूटराव, भीतीसाठी हा शब्द अगदी चपखल. पण २०१७ मध्ये घडलं नेमकं उलटं. लोक टाइल्स बघायच्या तयारीने गेले आणि लिंचनी देऊळच जागेवर ठेवलं नव्हतं. गोष्ट न्यूयॉर्क, लास वेगास, साउथ डकोटा अशी हिंडत होती. जुनी ओळखीची धून थोडी थोडी, मोजून मापून.

पाऊसपाणी
मी सिएटलजवळ राहते, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते. पाहुणे आले की आम्ही त्यांना स्नोक्वाल्मीचा धबधबा दाखवतो. दोनशे अडुसष्ट फूट उंच. वर जे हॉटेल आहे तेच मालिकेतल्या ग्रेट नॉर्दर्नचं बाहेरचं रूप. पुढे नॉर्थ बेंड गावात मालिकेतला तो डायनर, म्हणजे साधं खानावळवजा हॉटेल. सासूबाईंना चेरी पाय खायला घातला. एक घास घेऊन म्हणाल्या, “मुरांबा घालून केलेली करंजी आहे ही, फक्त मुरड घालायची राहिली.” शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीचे गृहस्थ फक्त कॉफी समोर ठेवून बसले होते. पीत नव्हते. वाफ जाईपर्यंत नुसते कपाकडे बघत होते. मग एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि अंगठा वर केला, कुणालाही न दाखवता.
त्यांना काय म्हणाल? ‘चाहता’ कमी पडतो. ‘भक्त’ हल्ली म्हणता येत नाही.

शेंगदाण्याचं_कूट
नादखुळा.
विषय संपला.

तळटीप
विषय संपला नाही, पण शब्द उत्तम आहे. ‘नाद’ म्हणजे छंद आणि व्यसन दोन्ही, ‘खुळा’ म्हणजे त्यापायी वेडा झालेला. ‘नाटकवेडा’, ‘क्रिकेटवेडा’ या कुळातला, पण एक पायरी वरचा. अडचण एवढीच की कोल्हापूरकर हा शब्द माणसालाही लावतात आणि वस्तूलाही. नादखुळी मिसळ, नादखुळा पिक्चर. म्हणजे ‘नादखुळी मालिका’ लिहिलंत तर ‘झकास मालिका’ असाच अर्थ लागेल. कल्ट आणि झकास एक नव्हे. कल्टमध्ये संख्या कमी आणि निष्ठा जास्त असा हिशेब असतो.

वाळवण
मला ‘संप्रदाय’ सुचतो, आणि तो शब्द वाटतो तितका जड नाही. ‘पंथ’ म्हणजे वाट. ‘संप्रदाय’मध्ये ‘दा’ धातू आहे, देणे. एकाने दुसऱ्याच्या हाती नीट सोपवणे. या मालिकेचं तसंच झालं ना? टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या व्हिडिओ कॅसेटी एकमेकांना दिल्या, पुढे डीव्हीडी, मग धाकट्या भावंडांना, मग मुलांना. २०१७ मध्ये बघायला बसलेल्यांत १९९० नंतर जन्मलेले कितीतरी होते. त्यांना ती कुणीतरी दिली होती. गुरुमंत्र मिळावा तशी.
दुसरं, ‘रहस्यमालिका’ म्हणू नका. ‘गूढमालिका’ म्हणा. या दोन शब्दांत फार फरक आहे, आणि माझ्या मते सगळं भांडण तिथेच आहे.

निवडुंग
वाळवणताई, सविस्तर लिहा की.

वाळवण
लिहिते. ‘रहस्य’ आलं ‘रहस्’वरून. रहस् म्हणजे एकांत. रहस्य म्हणजे एकांतात सांगायची गोष्ट. म्हणजे सांगणारा आहे, ऐकणारा आहे, फक्त वेळ यायची आहे. रहस्य फुटतं, रहस्यभेद होतो, आणि झाला की ते उरत नाही. ‘गूढ’ आलं ‘गुह्’ धातूवरून, झाकणे. गुहा आणि गुह्य ही त्याचीच भावंडं. गुहा कुणी सांगत नाही, तिच्यात शिरावं लागतं, आणि शिरल्यावर उजेड वाढेलच असं नाही.
आता १९९० चे प्रेक्षक बघा. ‘लॉराला कुणी मारलं’ हे त्यांना हवं होतं. हे रहस्य. वाहिनीने ते फोडायला लावलं आणि लोक उठून गेले, रहस्य संपलं की जातात तसे. जे बसून राहिले ते लाल पडद्यांच्या खोलीसाठी, उलटसुलट बोलणाऱ्या बुटक्या माणसासाठी, ओंडका कवटाळून बसणाऱ्या बाईसाठी. म्हणजे गुहेसाठी. संप्रदाय झाला तो त्यांचा.

तळटीप
वाळवणताई, व्युत्पत्ती मान्य, वापर मान्य नाही. ‘खुनाचं गूढ उकललं’ हा मथळा महिन्यातून दोनदा वाचतो. म्हणजे गूढही उकलतंच.

वाळवण
उकलतं, मान्य. पण त्याच वर्तमानपत्रात ‘मृत्यूचं गूढ कायम’ आणि ‘गूढ वाढलं’ हेही असतं. ‘रहस्य वाढलं’ असं कधी वाचलंत? पण माझी मांडणी जरा जास्तच कातीव झाली हे कबूल. बोलताना आपण दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतो.

गजालवाडी
तुम्ही सगळे अमेरिकेत अडाकलात. आमच्याकडचा ‘रात्रीस खेळ चाले’ इसरलात काय?
२०१६ मध्ये पहिलं पर्व आलं. सुरुवातीलाच अण्णा नाईक गेले. २०१९ मध्ये दुसरं पर्व, गोष्ट मागे नेली आणि तेच अण्णा जिवंत. २०२१ मध्ये तिसरं. मालवणी मुलखात तेव्हा कुणी पुनरुज्जीवन म्हटलं नाही आणि पुनरागमनही म्हटलं नाही. आमची आजी रात्री टीव्ही लावताना एवढंच म्हणाली, “अण्णा इले रे परत.” पहिल्या पर्वावर भुताखेतांवरून नाकं मुरडणारे दुसरं पर्व चवीने बघत होते, तेही सांगून ठेवतो.
‘परत आली’ यात वाईट काय आहे?

निवडुंग
वाईट काहीच नाही. उलट गंमत बघा, नव्या मालिकेची जाहिरात ‘द रिटर्न’ याच नावाने झाली. मात्र लिंच तिला अठरा तासांचा चित्रपट म्हणत, आणि तुकड्यांना एपिसोड न म्हणता ‘पार्ट’ म्हणत. त्यावरून तिकडे वाद रंगला: हा टीव्ही की सिनेमा? फ्रान्सच्या ‘काइए द्यू सिनेमा’ या चित्रपटविषयक मासिकाने तर त्या दशकातल्या सर्वोत्तम चित्रपटांत हिला पहिला नंबर दिला. टीव्हीवाले चिडले, सिनेमावाले खूश.

तळटीप
हा वाद मराठीत होऊच शकत नाही. आपल्याकडे एपिसोडही भाग आणि पार्टही भाग. भाषेने परस्पर मिटवला.

पाऊसपाणी
प्रतिक्रियांना काय म्हणायचं ते कुणीच सांगितलं नाही. आम्ही २०१७ चा उन्हाळा पाच जण मिळून दर रविवारी बघायला बसायचो. पहिल्या रविवारी पाच. सातव्या भागात एक माणूस बारमधली जमीन झाडतो. नुसती झाडतो. दोन मिनिटांहून जास्त. कॅमेरा हलत नाही, कुणी बोलत नाही, शेंगांची टरफलं एका बाजूला गोळा होत राहतात. आमच्यातला एक उठून भांडी घासायला गेला. म्हणाला, झाडलोटच बघायची तर निदान आपल्या घरची करतो. आठव्या भागात १९४५ चा न्यू मेक्सिकोतला अणुस्फोट आला, पडदा भरून, कितीतरी वेळ. दुसरा उठला. मी मात्र हललेच नाही, अंगावर काटा होता. शेवटच्या रविवारी आम्ही दोघी.
त्या उठून गेलेल्यांचा काय झाला? हिरमोड? अपेक्षाभंग? भ्रमनिरास?

तळटीप
‘भ्रमनिरास’ लिहिलंत, ‘भ्रमनिराश’ नाही. सात्त्विक आनंद झाला. निरास म्हणजे निरसन, दूर करणे. भ्रम दूर झाला. त्यात निराशेचा ‘श’ नाही. खरं म्हणजे ही चांगली घटना आहे, पण आपण ती तोंड पाडून सांगतो.
मी क्रम असा लावेन. भांडी घासायला गेलेल्याचा हिरमोड. कूपर परत येईल म्हणून थांबलेल्यांचा अपेक्षाभंग. शेवटचा भाग बघून ‘ही मालिका आपल्याला पहिल्यापासून उत्तर देणारच नव्हती’ असं ज्यांना कळलं, त्यांचा भ्रमनिरास. आणि तिसऱ्या गटातले बरेच जण आनंदाने परत पहिल्या भागापासून बघायला बसले.

शेंगदाण्याचं_कूट
कूपर परत येईल म्हणजे? आला नव्हता काय?

निवडुंग
तीच तर मोठी तक्रार! कूपरचं काम करणारा काइल मॅक्लाक्लन पहिल्या भागापासून आहे. पण एक त्याचं दुष्ट रूप, केस वाढवलेलं. आणि दुसरा डगी जोन्स नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाच्या जागी येऊन पडलेला, बोलता न येणारा, समोरच्याचा शेवटचा शब्द परत म्हणणारा. कॉफी दिली की तेवढा चेहरा उजळतो. लोक आठवड्यामागून आठवडे म्हणत होते, आज जागा होईल, आज जागा होईल. तो सोळाव्या भागात शुद्धीवर आला. अठरापैकी सोळाव्या! त्या रात्री लोक घरात एकटेच ओरडले म्हणे. मीही ओरडलो. आई बाहेर येऊन विचारून गेली, विकेट पडली का.

वाळवण
मग माझा शब्द पक्का झाला. पुनरागमन. पण वर्तमानपत्रातलं क्रिकेटपटूचं संघात पुनरागमन नव्हे. उत्तरपूजेतलं. ‘यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् । इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥’ अक्षता टाकतो, मूर्ती जागची जराशी हलवतो, हातावर दही ठेवतो. निरोप देतानाच परत येण्याचं बोलून घेतो. लॉराने १९९१ मध्ये तेच केलं की, निघताना सांगून ठेवलं.
आणि पुढच्या वर्षी गणपती येतो तो तोच असतो, पण माती वेगळी. डोळ्यांची आखणी वेगळी, सोंड जरा इकडे. लहानपणी मी रडले होते, हा आपला गणपती नाही म्हणून. वडील म्हणाले, बघ चार दिवस, होईल आपला. डगी जोन्सवर रागावलेल्यांचं ऐकून मला तेच रडणं आठवलं.

पाऊसपाणी
ताई, ओंडकेवालीचं पण असंच. ते काम करणाऱ्या कॅथरीन कूल्सन. कर्करोगाने खंगलेल्या होत्या, चित्रीकरण करून सप्टेंबर २०१५ मध्ये गेल्या. आम्ही २०१७ मध्ये त्यांना फोनवर निरोप घेताना बघत होतो. नाकात नळी, डोक्यावर विरळ केस, मांडीवर ओंडका. पंधरावा भाग. तिथे उठून जाणारा कुणी नव्हता. त्या प्रतिक्रियेला तळटीप यांच्या क्रमात जागा नाही.

तळटीप
नाही. खरं आहे.

गजालवाडी
निवडुंगा, शेवटी काय ठरलां?

निवडुंग
(तीन आठवड्यांनी) लेख गेला. मी लिहिलं होतं, ‘गूढमालिकेचं पुनरागमन आणि तिचा संप्रदाय’. संपादकांनी मथळा केला, ‘कल्ट मालिकेचा धमाकेदार कमबॅक’.

शेंगदाण्याचं_कूट
टाइल्स बसवल्या म्हणायच्या.

पाऊसपाणी
‘ओंडकेवाली’ तरी ठेवलं का आत?

निवडुंग
ठेवलं. फक्त ‘ओंडके वाली’ असं तोडून छापलंय.

तळटीप
अंकाचं नाव व्यक्तिगत निरोपातून कळवा. पत्र लिहितो.