मदत हवी आहे : मॅचच्या दिवशी कोल्हापुरात पाहुणे येतायत, मी स्वतः मैदानात असणार, प्लॅन बघून सांगा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, इथल्या एका पेठेच्या टीमकडून डाव्या बाजूला बॅक खेळतो. टीमचं नाव सांगत नाही, नाहीतर अर्धे जण उत्तरच द्यायचे नाहीत आणि उरलेले मुद्दाम चुकीचा पत्ता देतील.

तर पुण्यात शिकत होतो तेव्हा कॉलेजच्या टीमला जे बरोबर होते त्यातले सातजण या शनिवारी-रविवारी येतायत. शाहू स्टेडियमवर स्पर्धा चालू आहे आणि शनिवारी चारची मॅच आमची आहे. त्यात दोघं मडगावचे, एकजण केरळातल्या मलप्पुरमचा, बाकी पुण्या-मुंबईचे, त्यातल्या दोघी मुली. मडगाववाल्यांचं म्हणणं असं की महाराष्ट्रात फुटबॉल म्हणजे मुंबई, कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि मटण. आता यांना कोण समजवणार की आमच्याकडं तालीम म्हटलं की कुस्ती, फुटबॉल, गणपती, सगळं त्याच पोरांनी करायचं असतं, आणि २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला त्यात आपला अनिकेत जाधव खेळला होता. वाद घालून उपयोग नाही, स्टेडियमवर नेऊन बसवलं की विषय संपला.

अडचण एवढीच की नेऊन बसवायला मी नाही. मॅचच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे तालमीत जमतो, फोन बाजूला, आणि मॅच झाल्यावर जिंकलो तरी आणि हरलो तरी रात्री आठ-नऊपर्यंत सुटका नाही. घरचे लग्नाला बाहेरगावी. म्हणजे शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत ह्या सातजणांनी आपलं आपण फिरायचंय.

मी आत्तापर्यंत ठरवलंय ते असं. मुंबईवाले महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरतील, पुणेवाले त्यांना स्टेशनवरच भेटतील, गोव्याचे आंबोलीमार्गे गाडी घेऊन येतायत. आधी मिसळ (पाव मागू नका, ब्रेड येतो, हे सांगून ठेवलंय). मग अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, तिथून चालत खासबाग मैदान. खासबाग दाखवायचंच आहे, कारण शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेले तेव्हा रोमचं ते जुनं गोल मैदान बघून आले आणि त्यावरून हे सुचलं म्हणतात, १९१२ ला बांधून झालं, मधे हौदा म्हणजे कुस्तीची माती आणि चहूबाजूंनी चढती बैठक, मागं बसलेल्यालाही कुस्ती दिसली पाहिजे म्हणून. कुस्ती नसली तरी नुसतं उभं राहून बघण्यासारखं आहे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ ला जळालं, त्यामुळं त्या बाजूनं आत सोडतायत का ते कुणी हल्ली गेलं असेल तर सांगा. तिथून स्टेडियम जवळच.

आता प्रश्न. स्टेडियमवर ह्या दोघींना घेऊन कुठं बसावं? मी आयुष्यभर एकतर आत खेळलो नाहीतर आमच्या पोरांच्यात बसलो, तिथं शिव्या, हलगी, गुलाल, सगळंच असतं. हुल्लडबाजी झाली तर बाहेर पडायला सोपी जागा हवी. दुसरं, एकजण पूर्ण शाकाहारी आहे आणि मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात त्याला मी काय घालू? तिसरं म्हणजे रविवारी मी मोकळा आहे पण पाय बोलत असणार, तेव्हा सकाळी पन्हाळा करावा की नको? चौथं, मलप्पुरमवाल्याला पहाटे तालमीत जाऊन पैलवानांचा सराव बघायचाय.

हॉटेल सुचवू नका, ते झालंय.

—

रंकाळाकाठ : भावा, पहिलं एक सांग, तालीम कुठली? शिवाजी पेठेतली असशील तर खंडोबा का शिवाजी? बरं ऱ्हाऊ दे. पाहुण्यांना एवढंच सांग की कुठल्याच टीमचा रंग घालून जायचं न्हाई, पांढरा-काळा शर्ट घाला, आणि शेजारी बसलेल्यानं "तुम्ही कुणाकडचे" विचारलं तर "बघाय आलोय" म्हणायचं. चारची मॅच असली तरी दोनची पण बघू देत, पहिल्या मॅचला गर्दी कमी असती, जागा धरता येती. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस असल्या टीमची मॅच असली तर चारला जागा मिळायची न्हाई. आणि आफ्रिकेची पोरं पेठेच्या टीममधनं खेळत्यात आणि पब्लिक त्यांना नावानं हाक मारून "ये की रं" म्हणतंय हे बघून गोवावाले गार होत्यात, गॅरंटी.

जुनी प्रेक्षक : मी लहानपणापासून वडिलांबरोबर जाते, आता मुलीला घेऊन जाते. तुमच्या मैत्रिणींना सांगा, गोलच्या मागं अजिबात बसू नका, तिथं समर्थक उभेच असतात आणि फटाक्यांचा धूर तिकडंच येतो. मधल्या बाजूला, जिथं वयस्कर मंडळी आणि माजी खेळाडू बसतात तिथं बसायचं. ते लोक खेळ बारीक बघतात, एखादा पास चुकला की तुमच्या आजोबांपासूनचा इतिहास काढतात, फार मजा येते. शेवटची पाच मिनिटं राहिली की उठायचं. मॅच संपल्यावर गेटवर दोन्हीकडची पोरं एकदम बाहेर पडतात, जी काय बाचाबाची व्हायची ती तिथंच होते. टोपी, पाणी न्या, ऊन तोंडावर येतं.

शाकाहारी माणसाची काळजी करू नका, अख्खा मसूर आणि भाकरी द्या. मिसळ आहेच. खासबागेजवळ भेळ आहे. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर पाठवा, समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात, ते बघितल्यावर त्याला मटणाची आठवणसुद्धा यायची नाही.

मूळ धागाकर्ता : ताई, धन्यवाद, मधली बाजू फिक्स. (ते वयस्कर लोक माझा पास चुकल्यावर काय म्हणतात ते मात्र पाहुण्यांनी मला सांगू नये.) रंकाळाकाठ, तालीम सांगणार न्हाई.

वाघबीळ : पन्हाळा कर की, वीस किलोमीटर तर हाय, गाडी आहेच त्यांची. पंचगंगेच्या पुलावरनं रत्नागिरी रोडला लागायचं, वाघबीळला वळायचं. सातला निघा, नऊनंतर पर्यटकांची लाईन लागती. पाय दुखत असतील तर तू तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरीवाल्या मावशींच्याकडं बसून ऱ्हा, त्यांना अंधारबाव, सज्जाकोठी, अंबरखाना बघून येऊ दे. जोतिबा त्याच दिवशी करायचा असला तर येताना केर्लीतनं वर जावा, पण रविवार असला की तिथं गाडी लावाय जागा नसती, मी तर सोडून देईन.

गाडीवरनं आठवलं, गोवावाल्यांना शनिवारी गाडी मंगळवार पेठेत आणू नको म्हणावं. हॉटेलवरच लावा, रिक्षानं जावा. मॅच सुटली की त्या गल्लीतनं सायकल निघत न्हाई.

मातीतला : तालमीचं मी सांगतो, मी स्वतः लाल मातीत होतो. पहाटे जोर-बैठका आणि लढती चालू असतात, बाहेरच्या माणसानं जायचं तर आदल्या दिवशी वस्तादांना विचारायचं, चप्पल बाहेर, मातीत पाय टाकायचा नाही, मोबाईल काढायच्या आधी परवानगी. पैलवान लंगोटावर असतात त्यामुळं मुलींना बऱ्याच जुन्या तालमींत आत घेत नाहीत, उगाच दारात जाऊन वाईट वाटण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यातली जी हॉटेलला जवळ पडेल ती बघा. आणि त्या मलप्पुरमच्या पोराला खाशाबा जाधवांचं जरूर सांगा, १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गाव कराडजवळचं गोळेश्वर, पण शिकले कोल्हापुरात, राजाराम कॉलेजला, आणि पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं.

मूळ धागाकर्ता : हे मला माहीत होतं पण सांगायचं सुचलं नसतं, मस्त. राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे पण सांगतो, पॅरिसला २०२४ ला नेमबाजीत ब्राँझ. म्हणजे कुस्ती आणि मटण एवढंच नाही.

मग आता असं : शनिवारी दोनलाच स्टेडियम, मधली बाजू, साधे शर्ट, गाडी हॉटेलवर. संध्याकाळी गंगावेस. रविवारी पहाटे मलप्पुरमवाला आणि अजून एक तालमीत, बाकीचे झोपतील, सातला पन्हाळा. परतल्यावर चप्पल लाईन. त्या इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला आपल्या म्हणून दाखवल्या ती भानगड झाल्यापासून ह्या दोघींनी चपला घ्यायच्याच असं ठरवून ठेवलंय, तर अस्सल चामड्याची बघताना काय बघायचं ते जाणकारांनी सांगा, दुकानाचं नाव नको, नुसतं काय बघायचं ते.

जुनी प्रेक्षक : नखानं चामडं दाबून बघा, वास घ्या, आणि तळाची शिवण चामड्याच्याच वादीची आहे का बघा. नवीन असताना करकरणार आणि चावणार, घरी गेल्यावर तेल लावायला सांगा. घालून पन्हाळा चढायचा नाही. आणि मॅच किती वाजता संपते ते मैत्रिणींना सांगून ठेवा, एक्स्ट्रा टाइम लागला तर दूध कट्टा उशिरा.