जेवणाच्या सुट्टीत किल्ल्याच्या बागेत पक्षी बघायचेत, काय काय दिसेल?

शेंगाचटणी:
ऑफिस सोलापूरच्या पार्क चौकात, दीड ते दोन सुट्टी. डबा खाऊन थोडा वेळ उरतो म्हणून भुईकोट किल्ल्याच्या बागेत जाऊन बसतो, मोबाईल बघून बघून डोळ्याची वाट लागलीय तर म्हटलं पक्षी तरी बघावेत. पण कावळे, साळुंक्या, कबुतरं सोडून काय दिसेना. टुक टुक टुक आवाज मात्र सारखा चालू, तो कोण? आणि सकाळी सहाला या म्हणून सांगू नका, सकाळी पोरांची शाळा असते.

कंबरतलाव_कट्टा:
तांबट आहे तो. भर उन्हात पण गप बसत नाही. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. ओरडताना मान इकडं तिकडं फिरवतो त्यामुळं आवाज कधी या झाडातनं तर कधी त्या झाडातनं आल्यासारखा वाटतो आणि आपण भलत्याच झाडाखाली मान वर करून उभे. पानात शोधू नका, शेंड्याची वाळकी फांदी बघा. वड, पिंपळ, उंबर फळाला आले की तिथंच पडीक असतो.

माळरान:
रविवारी नान्नजला जा की, माळढोक अभयारण्य. माळढोकाचं आता नशीबच लागतं म्हणा, पण काळवीट बघायला मिळतील.

घारीची_नजर:
अहो तो अर्ध्या तासाच्या सुट्टीचं विचारतोय, तुम्ही डायरेक्ट नान्नजला धाडताय 😄
@शेंगाचटणी दुपारी झाडापेक्षा पाणी बघा. सिद्धेश्वर तलावाच्या काठाला एक मातकट बगळा मान आखडून बसलेला असतो, चिखलात चिखल, दिसतच नाही, आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख. तो वंचक. तारेवर खंड्या. वर घारी, गरम हवेवर पंख न हलवता गोल फिरतात, त्यांना दुपारच बरी. आणि हिवाळ्यात ऑफिस सुटल्यावर पण वर बघा, ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवेच्या थवे असतात.

शेंगाचटणी:
वंचक दिसला राव, शेजारी बसलेल्या काकांना पण दाखवला! दुर्बीण घ्यायची तर कुठली?

कंबरतलाव_कट्टा:
८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं. जास्त पॉवरच्या नादी लागू नका, हात हलतो आणि चित्र नाचतं. तोवर मोबाईलवर मर्लिन ॲप टाका, फुकट आहे, आवाजावरनं नाव सांगतं. कधी कधी ठोकून पण देतं, तेव्हा डोळ्यानं बघूनच नक्की करा.