साबणाच्या चकत्यांचा डबा भरलाय, काय करू?

माजघर:
आमच्याकडे साबण संपत नाही, नुसता झिजतो. सासरे (वय ७८) वडी नखाएवढी झाली तरी टाकू देत नाहीत. बेसिनपाशी श्रीखंडाचा जुना डबा आहे, त्यात चकत्या साठवतात. परवा वजनकाट्यावर घातला: ४३ तुकडे, ३१० ग्रॅम. "तीन वड्या झाल्या की गं," म्हणाले. हिशोब बरोबर, मी गप्प.

मग व्हिडिओ बघून हँडवॉश करायला घेतला. अर्धे तुकडे किसले (शिंकून शिंकून जीव गेला), लिटरभर पाण्यात उकळले, वर एक लिंबू पिळलं. रात्री बरं दिसत होतं. सकाळी पातेल्यात थिजलेलं पिठलं आणि पांढरे कण! पंपातून येईना, हाताने काढलं तर शेंबडासारखी तार. चंदन, कडुनिंब आणि तो लाल साबण, सगळ्यांचा मिळून जो वास येतोय, त्याला मुलगा म्हणतो देवळात फिनेल सांडलंय. पातेलं कायमचं मोरीत गेलं. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. खरंच चालणारं काही आहे का कुणाकडे?

निवृत्त_रसायन:
ताई, लिटरला दीडशे ग्रॅम म्हणजे फारच झालं. अंघोळीचा साबण गरम पाण्यात विरघळतो, गार झाला की आळतो. २५-३० ग्रॅम पुरे होता. आणि लिंबू कशाला? आम्लाने दूध फाटतं तसा साबणही फाटतो. ते पांढरे कण म्हणजे तेलातली आम्लं सुटी झालेली. विकतच्या हँडवॉशमध्ये बहुतेक वेळा हा साबण नसतोच, वेगळी डिटर्जंट असतात, म्हणून तो पातळ राहतो.

बोअरचं पाणी आहे का? मग फेस कमी आणि साका जास्त. त्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं.

पिठल्यात गरम पाणी वाढवा आणि पायपुसणी भिजत घाला. फरशीवर मात्र ओतू नका, घरात ७८ वर्षांचे गृहस्थ आहेत.

गुहागरी:
घोसाळं! एखादं वेलावरच पार वाळू द्यायचं, हलवलं की खुळखुळ वाजेपर्यंत. साल सोलून बिया झटकायच्या, चार बोटांचा तुकडा कापायचा आणि आतल्या पोकळीत चकत्या कोंबायच्या. आमची आजी त्यावर दोऱ्याचा एक टाका मारायची. पाणी लागलं की जाळीतून फेस येतो, घासणी वेगळी लागत नाही. वापरून झालं की खुंटीला टांगा, नाहीतर कुबट वास मारतं.

शिवणाची_पेटी:
सगळे एका जागी संपवू नका हो. पांढऱ्या चकत्या कडकडीत वाळवून मला द्या :) आई ब्लाउजचं कापड बेतताना खडूऐवजी त्याच वापरायची. झिजलेली धार बारीक रेघ ओढते आणि धुतल्यावर जाते. गडद कापडावरच दिसते, हे खरं. बॅगेची चेन अडकत असेल तर दातांवर फिरवा. पावसात फुगलेल्या ड्रॉवरच्या कडेलाही.

पक्का_देशस्थ:
एवढा खटाटोप? नवीन वडी काढली की दोन्ही ओल्या करायच्या, दाबून बसवायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या. सकाळी एकजीव. मात्र नवी वडी थोडी वापरून पृष्ठभाग मऊ झाल्यावर चिकटवा. कोऱ्या वडीवरची कोरीव अक्षरं चकतीला टेकू देत नाहीत.

माजघर:
सगळ्यांचे आभार. काका, बोअरचंच पाणी आहे, आणि पायपुसणी निघाली चक्क. घोसाळं इथे मंडईत कोवळंच मिळतं, म्हणून तूर्त लसणाच्या जाळीच्या पिशवीत २० तुकडे भरून नळाला बांधलेत. सासऱ्यांनी सकाळी हात धुतले, पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?" मोजून ठेवले होते त्यांनी!

एकच अडलंय. दिवाळीतल्या मोती साबणाचे तीन तुकडे आहेत. गोल, फुगीर, चौकोनी वडीला काही केल्या बसत नाहीत.

शिवणाची_पेटी:
ते अंघोळीला वापरूच नका. वाळवून मलमलच्या चिंधीत बांधा आणि साड्यांच्या कपाटात ठेवा. फक्त रेशमाला थेट टेकवू नका, डाग पडतो.